राज्य आणि जिल्हा क्रीडा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र: सचिवपदाचं काय करायचं?

मा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि इतर सर्व पदाधिकारी,
(कबड्डी, खो-खो, कुस्ती, ॲथलेटिक्स, ज्यांची जी संघटना असेल ती, राज्याची आणि जिल्ह्याची पण)

स.न.वि.वि.

हे पत्र खुलं लिहितेय कारण पाकिटातून दिलेली पत्रं आवक रजिस्टरला लागतात आणि तिथेच राहतात. मी कबड्डी खेळले, आता शाळेत पीटी शिकवते आणि एका जिल्हा संघटनेवर महिला प्रतिनिधी आहे. संघटनेचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, कारण यातलं बहुतेक सगळं तुमच्यापैकी प्रत्येकाला आपल्याच जिल्ह्याचं वाटेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. राष्ट्रीय महासंघाची कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची आणि त्यात किमान ४ महिला पाहिजेत असं त्यात आलं. बातमी आली तेव्हा आपल्या ग्रुपवर गुलाबाची फुलं पडली, हात जोडलेले इमोजी पडले, नारीशक्ती झिंदाबाद वगैरे झालं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप परत निवड चाचणीच्या तारखांवर आला. चांगलंय, चार तर चार. पण त्याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे जिच्यावर ग्रुपवर कोणी एक अक्षर बोललं नाही. अध्यक्ष, महासचिव किंवा खजिनदार म्हणून उभं राहायचं असेल तर एकतर तुम्ही नावाजलेले खेळाडू असायला पाहिजे, नाहीतर राष्ट्रीय कार्यकारिणीत एक पूर्ण टर्म काढलेली पाहिजे, नाहीतर संलग्न संघटनेत अध्यक्ष, सचिव किंवा खजिनदार राहिलेलं पाहिजे. म्हणजे देशासाठी खेळून मोठी झालेली एखादी सोडली तर बाकी बायकांना वर जायचा रस्ता तुमच्याच ऑफिसमधून जातो. आणि राज्याला बाई सचिव मिळणार कुठून, जिल्ह्याला नसेल तर?

तुम्ही म्हणता बायका पुढे येत नाहीत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग पण येत नाही. येत नाहीत कशा ते जरा खालून बघू या.

जिल्हा संघटनेला मत कोणाचं असतं? संलग्न मंडळांचं. आणि आपल्याकडे मंडळ म्हणजे काय तर तालीम, व्यायामशाळा, गणपतीचं मंडळ, त्यांच्याच नावाने संघ उतरतो. त्यांचे सभासद कोण? गल्लीतली पोरं, त्यांचे काका, माजी नगरसेवक. मुली त्या मंडळाच्या नावाने खेळतात, जिल्ह्याला ट्रॉफी आणतात, ट्रॉफी मंडळाच्या कपाटात जाते, मंडळाच्या फ्लेक्सवर फोटो पण लागतो, पण सभासद रजिस्टरात त्यांचं नाव नसतं. मग मंडळ जिल्ह्याच्या सभेला प्रतिनिधी पाठवतं ते कोण असणार? जिल्ह्याची कार्यकारिणी त्यांच्यातूनच होते, तिथून राज्याला माणसं जातात, राज्यातून दिल्लीला. पार वर जाऊन तुम्ही चार बायका शोधताय आणि खालची मतदार यादी आहे तशीच ठेवताय.

त्यात लग्न. मुलगा रिटायर झाला की तो आपल्याच गावात असतो, संध्याकाळी ग्राउंडवर येतो, पहिल्यांदा पंच होतो, मग मंडळाचा सेक्रेटरी, मग जिल्ह्याला सहसचिव, आणि केस पांढरे होईपर्यंत राज्याला पोचतो. मुलगी सासरी जाते, बहुतेक वेळा जिल्हाच बदलतो. ती इथे दहा वर्षं खेळलेली असली, राज्याच्या टीममध्ये असली तरी नव्या जिल्ह्यात तिला कोण ओळखतं? तिथल्या मंडळात तिचा नवरा नाही, दीर नाही, म्हणजे ती कोणीच नाही. तिची सगळी ओळख माहेरच्या जिल्ह्यात राहते आणि ती स्वतः दुसरीकडे. खेळाडू जिल्हा बदलतो तेव्हा ना हरकत दाखला द्यायची पद्धत आपण बसवलीय, पण खेळाडू संपून कार्यकर्ती होणाऱ्या बाईचा अनुभव दुसऱ्या जिल्ह्यात धरायची काही सोय कुठे बघितलीय तुम्ही? मी तरी नाही. माझ्याबरोबर खेळलेल्यांपैकी कितीतरी जणी उत्तम संघटक झाल्या असत्या. एक बचत गटाचं फेडरेशन चालवते, लाखांचे हिशोब, बँकेचे साहेब तिला उठून नमस्कार करतात. तिला सासरच्या जिल्ह्यातल्या संघटनेने कधी साधं बोलावलं नाही.

आता ज्या थोड्या आत आल्यात त्यांचं सांगते, म्हणजे माझ्यासारख्यांचं. आम्हाला कामं कुठली मिळतात? गुणलेखन, कारण मॅडमचं अक्षर चांगलं आहे. मुलींच्या टीमबरोबर मॅनेजर म्हणून जायचं, कारण लेडीज कोणीतरी पाहिजेच ना सोबत. उद्घाटनाला पाहुण्यांना ओवाळायचं, सूत्रसंचालन करायचं, सर्टिफिकेटवर नावं घालायची. यातलं कुठलंच काम हलकं नाही, मुलींची टीम परगावी नेऊन सुखरूप परत आणणं ही तर मोठी जबाबदारी आहे, आणि मॅचच्या आदल्या रात्री कोणाला पाळी आली कोणाला ताप आला हे अध्यक्षांना कळत पण नाही. पण या कामांनी संघटना कशी चालते ते कळत नाही. ते कळतं बजेटमध्ये, ऑडिटमध्ये, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) टाकताना, स्पर्धेचं यजमानपद कोणाला द्यायचं ते ठरताना, निवड समितीत कोण बसणार ते ठरताना. आणि चेकवर सही करताना. महिला प्रतिनिधीची सही हजेरीपत्रकावर लागते, चेकवर लागत नाही. सगळ्या अडथळ्यांत मला हा सगळ्यात मोठा वाटतो, कारण बाकीचे निदान दिसतात तरी.

मीटिंगच्या वेळेचं बोलू का? रात्री साडेआठला बोलवायची, साडेनऊला सुरू होणार, अर्धा निर्णय मीटिंगमध्ये आणि उरलेला नंतर हायवेवरच्या हॉटेलात जेवताना. तिथे आम्ही नसतो. सकाळी कळतं की निवड समिती ठरली पण. विचारलं की उत्तर तयार असतं, मॅडम तुम्ही लवकर निघालात ना. पद मानद, प्रवासखर्च मिळाला तर मिळाला, घरी सासूबाई विचारणार रोज रोज कसली मीटिंग, आणि इकडे तुम्ही म्हणणार बायकांना वेळ नसतो. वेळ तुम्हालाही नसतो साहेब, तुमच्या वाटणीचा वेळ घरी दुसरं कोणीतरी काढून देतं एवढाच फरक आहे.

कबड्डीचंच घ्या. नाशिकच्या शैलजा जैन यांनी उभी हयात मुलींना कबड्डी शिकवण्यात घालवली. भारताच्या महिला संघाला कोचिंग करायची इच्छा होती, ती संधी इथे मिळाली नाही, शेवटी इराणने बोलावलं. २०१० आणि २०१४ ला एशियाडचं गोल्ड आपल्या मुलींनी आणलं होतं, २०१८ ला जकार्तामध्ये फायनलला समोर इराण, कोच शैलजाताई, आणि आपण २७-२४ ने हरलो. त्या दिवशी आपल्या इकडे काय गंमत होती बघा, अर्ध्या जणांना वाईट वाटत होतं आणि अर्धे म्हणत होते बघा आपल्या नाशिकच्या बाईने करून दाखवलं. कोच कोण होणार हे समितीत ठरतं. त्या समितीत बायका किती आणि त्यांचं ऐकतं कोण, हा प्रश्न त्या २७-२४ च्या मागे आहे, पण गोल्ड गेलं म्हणून जी चर्चा झाली ती सगळी बोनस पॉइंट आणि सुपर टॅकलवर झाली.

आणि वर बाई बसलीच नाही असं नाही बरं का. आपल्या भारतीय हौशी कबड्डी महासंघावर जनार्दनसिंह गेहलोत अनेक वर्षं अध्यक्ष होते, त्यांच्यानंतर अध्यक्ष झाल्या त्यांच्या पत्नी. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती निवड रद्द केली आणि प्रशासक बसवला. क्रिकेटमध्ये २०१९ ला तामिळनाडू असोसिएशनवर रूपा गुरुनाथ बिनविरोध अध्यक्ष झाल्या, बीसीसीआयच्या राज्य संघटनेची पहिली महिला अध्यक्ष म्हणून खूप छापून आलं, त्या बीसीसीआयचे माजी अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांच्या कन्या. मी त्यांच्या कामाबद्दल काही म्हणत नाहीये, कदाचित उत्तम केलं असेल. एवढंच म्हणतेय की ज्या बाईच्या घरात आधीच अध्यक्ष नाही तिच्यासाठी रस्ता कुठला ते मला अजून दिसलेलं नाही.

दुसरा रस्ता कोर्टाचा. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने बीसीसीआयवर प्रशासकीय समिती नेमली त्यात भारताच्या माजी कॅप्टन डायना एडलजी होत्या. ऑलिम्पिक असोसिएशनची घटना कोर्टाच्या देखरेखीखाली नवी लिहिली गेली आणि मग डिसेंबर २०२२ मध्ये पी. टी. उषा पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, १९२७ ची संस्था! आणि खुर्ची मिळाल्यावरसुद्धा सीईओच्या नेमणुकीवरून कार्यकारिणीतल्या बहुतेक सदस्यांशी त्यांचं जे वाजलं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. त्यात चूक कोणाची यावर आपल्या जिल्ह्यात दोन तट पडतील, पडू देत. मला त्यातून दिसलं ते असं की वरून एकटीला नेऊन बसवली तर खाली तिची माणसं नसतात, आणि खाली माणसं नसली की अध्यक्ष असून सुद्धा ठराव पास होत नाही.

बाईने मतं मागून वर जायचं म्हटलं की काय होतं तेही आपण बघितलंय. जानेवारी २०२३ ला पैलवान पोरी जंतरमंतरवर बसल्या, वर्षभर देशात दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला कुस्ती महासंघाची निवडणूक झाली. अध्यक्षपदाला अनिता श्योरान उभी होती, २०१० च्या कॉमनवेल्थची गोल्ड मेडलिस्ट. ४० विरुद्ध ७ ने हरली. ही मतं आभाळातून पडली नव्हती, राज्य संघटनांनी पाठवलेल्या प्रतिनिधींची होती. म्हणजे तुमची. त्याच २०२३ मध्ये मानवी हक्क आयोगाने महासंघांना नोटिसा काढल्या कारण साधारण निम्म्या राष्ट्रीय महासंघांत लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कायद्याने सांगितलेली समितीच धड नव्हती, आणि तो कायदा २०१३ चा आहे. मुलीने तक्रार करायची तर कोणाकडे, जो टीम निवडतो त्याच्याकडेच? मग तुम्हीच म्हणता आईवडील मुलींना खेळायला पाठवत नाहीत.

एक जुनी गोष्ट आठवण करून द्यायचीय, कारण पुण्यातली आहे आणि आपण ती विसरलोय. १९७३ मध्ये विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, एवढे तीनच संघ. पुढे याच संघटनेने १९७८ ला आणि १९९७ ला भारतात वर्ल्ड कप भरवले. पैसे नव्हते हो त्यांच्याकडे. मुली रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यातून जायच्या, कुठेतरी हॉलमध्ये झोपायच्या, पदाधिकारी बायका देणग्या मागत फिरायच्या. आणि बायका पैसा उभा करू शकत नाहीत म्हणून अध्यक्ष आमदारच पाहिजे असं जे तुम्ही म्हणता ना, त्याला माझं उत्तर हेच, की दोन वर्ल्ड कप.

२००६ मध्ये ती संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. तेव्हा तिच्या सचिव होत्या आपल्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, भारताच्या माजी कॅप्टन. विलीनीकरण व्हायलाच पाहिजे होतं यात वाद नाही, मैदानं मिळाली, फिजिओ मिळाले, सगळं उशिरा मिळालं पण मिळालं. कॉन्ट्रॅक्ट २०१५ ला, पुरुषांइतकी मॅच फी २०२२ ला, वनडेला सहा लाख. पण सचिव, खजिनदार ही जी पदं बायकांच्या हातात होती ती त्या दिवशी गेली आणि त्यांच्या बदल्यात बीसीसीआयमध्ये तशी पदं आली नाहीत. १९२८ पासून आजपर्यंत बीसीसीआयला एकही महिला अध्यक्ष किंवा सचिव झालेली नाही. आणि कॅलेंडर कोण ठरवतं याने काय फरक पडतो विचाराल तर २००६ नंतर भारताच्या मुली टेस्ट मॅच खेळल्या त्या थेट २०१४ ला. आठ वर्षं. एक पिढी पांढऱ्या कपड्यांशिवाय संपली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकल्यावर आपण सगळे रात्रभर नाचलो, सांगलीच्या स्मृतीचे फ्लेक्स लागले, मी पण स्टेटस ठेवलं. पण मधली आठ वर्षं ज्यांची गेली त्यांच्या बाजूने तेव्हा त्या टेबलवर सही करायला कोण होतं?

आपल्या खो-खोचं पण तसंच. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, कॅप्टन आपली प्रियांका इंगळे. धाराशिवची सारिका काळे, अर्जुन पुरस्कार मिळाला, तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. सरकारी नोकरीत ती अधिकारी होऊ शकते, कारण तिथे आरक्षण आहे, जाहिरात निघते, नियम लिहिलेले आहेत आणि नवरा कोण, सासरा कोण याचा रकाना नाही. संघटनेत असं काय आहे? पॅनेल आहे. पॅनेल कोणाच्या फार्म हाऊसवर ठरतं ते तुम्हाला माहिती, आम्हाला अर्ज मागे घेण्याच्या दिवशी कळतं.

मला माहितीये यावर पुढचं वाक्य काय येणार. बायकांना पदं दिली की नवरेच चालवतात, सरपंचपती बघा. बघितलेत. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्याआधी एक तृतीयांश होत्या. सुरुवातीला नवरा शेजारच्या खुर्चीत बसायचा हे खरंय, काही ठिकाणी अजून बसतो. पण आमच्या तालुक्यात अशा बायका आहेत ज्यांनी दुसऱ्या टर्मला नवऱ्याला घरी बसवलं आणि ग्रामसेवकाला फाइल घेऊन स्वतःसमोर उभं केलं, कारण एकदा सही करायला लागलं की कागद वाचावाच लागतो. गावाच्या निधीवर बाईची सही चालते आणि त्याच गावच्या मंडळाच्या पंधरा जर्सी घ्यायला चालत नाही हे मला कोणीतरी समजावून सांगा.

तर आता मागणं. फार मोठं नाहीये. ज्या मंडळाचा मुलींचा संघ जिल्ह्याला उतरतो त्या मंडळाने सभेला पाठवायच्या प्रतिनिधींत एक बाई पाहिजे, खेळलेली असेल तर उत्तम, नाहीतर मुलींच्या संघाची संलग्नता थांबवा, बघा एका सीझनमध्ये बायका कुठून सापडतात ते. सचिव आणि खजिनदार यांपैकी एक पद दर दुसऱ्या टर्मला बाईकडे, आणि खजिनदार असेल तर चेकवर तिची सही सक्तीची, नावापुरती नको. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या खेळाडूची माहेरची वर्षं तिथे धरायची. निवड समिती मीटिंगमध्येच ठरवायची आणि तिथेच प्रोसिडिंगला लिहायची, जेवायला जायच्या आधी. मीटिंग रविवारी सकाळी अकराला. तुम्हालाही बरं पडेल, बऱ्याच जणांना शुगर आहे.

महिला प्रतिनिधी हे पद रद्द केलं तरी चालेल मला, अगदी माझं गेलं तरी. त्या एका पदामुळे बाकीची सगळी पदं पुरुषांची आहेत असं आपोआप ठरून गेलंय.

हा ठराव मी लेखी करून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी आमच्या सचिवांकडे दिलाय, पोच घेतलीय. विषयपत्रिकेवर ऐनवेळच्या विषयांत ढकलू नका, नीट नंबर टाकून घ्या, आणि फेटाळायचा असेल तर हात वर करून फेटाळा आणि कोणी कोणी हात वर केला ते प्रोसिडिंगमध्ये लिहा. बाकीच्या जिल्ह्यांतल्या ताईंनी हाच मसुदा उचलून स्वतःच्या नावाने दिला तर माझी काही हरकत नाही. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही. तुमच्यापैकी कोणाची तयारी असेल तर फोन करा, नंबर तुमच्याकडे आहेच, दर स्पर्धेच्या आदल्या रात्री त्याच नंबरवर मुलींची यादी मागता.

कळावे,
आपली,
एका जिल्हा संघटनेची महिला प्रतिनिधी